काटा नऊ आठवडे ८३.६ वर अडलाय. ठाणे-नवी मुंबईकर, तुम्ही टिकता कसे?

घंटाळीकर | मंगळवार, १५ जुलै, रात्री १०:४०

धागा काढण्यास कारण की, आज सकाळी वजनकाट्यावर उभा राहिलो आणि त्यालाच लाथ घालावीशी वाटली.

थोडक्यात इतिहास. वय ४६, उंची ५ फूट ७ इंच. राहायला नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला, दिवसभर खुर्ची. गेल्या वर्षी मे महिन्यात ऑफिसच्या तपासणीत वजन ९२.८ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात. बाबांना मधुमेह होता. त्यांची शेवटची वर्षं घरात पाहिलीत, त्यामुळे खरंच टरकलो.

त्या भीतीवर पहिले चार-पाच महिने मजेत निघाले. चहातली साखर बंद केली (दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोज दहा चमचे साखर मी नुसती पीत होतो!), रात्रीचा भात निम्म्यावर आणला आणि पहाटे साडेपाचला तलावाभोवती चालायला तलावपाळी गाठायला लागलो. पहिल्याच महिन्यात ३ किलो गेले. मग महिन्याला अर्धा किलो, कधी पाऊण. या वर्षी मेच्या मध्यावर ८३.६.

आणि तेव्हापासून ८३.६. मध्ये कधी ८४.१, कधी ८३.२, फिरून तिथेच.

डाएट प्लॅन नकोय. तो शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे देतात. मला विचारायचंय ते वेगळं आहे. भीती ओसरली, कौतुक करणारे थकले, आकडा हलत नाही आणि बाहेर धो धो पाऊस. अशा पहाटे उठून बूट घालताना तुम्ही स्वतःला काय सांगता?

खारघरचा_बाबू

मी काहीच सांगत नाही. सांगायला गेलो की वाद होतो आणि वादात आळशी बाबू जिंकतो. वकील आहे तो.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात शिफ्टला आहे. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. तुमचं 'पहाटे साडेपाच' वगैरे आमच्या नशिबात नाही. वर्षभर वेळ शोधण्यात घालवला आणि वजन १०१ झालं. शेवटी वेळ सोडली आणि जागा धरली. शिफ्ट कुठलीही असो, कंपनीची बस उत्सव चौकात सोडते तिथून घरी रिक्षा करायची नाही. सेंट्रल पार्कला एक वळसा घालून चालत यायचं. सकाळी सातला उतरलो तरी आणि रात्री साडेअकराला उतरलो तरी (तेव्हा पार्क बंद असतं, बाहेरच्या रस्त्याने). घरी पोचलो की संपलं. घरी जाऊन परत बाहेर पडणं हे माझ्याच्याने या जन्मात होणार नाही, हे मान्य केल्यावर सगळं सोपं झालं.

रात्रपाळीला कॅन्टीनमध्ये दोन वाजता वडे तळतात. त्या वासावर माझ्याकडे उपाय नाही. कोणाकडे असल्यास सांगावा.

पामबीचवाली

बाबूदादा, +१. विशेषतः रिक्षाला.

घंटाळीकर, एक शंका: काट्यावर रोज चढता का? मी रोज चढायचे आणि त्या आकड्यावर माझा दिवस ठरायचा. आदल्या रात्री लोणचं-पापड झाला की सकाळी एक किलो जास्त. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर दीड-दोन किलो सहज. ही चरबी नव्हे, पाणी, हे डोक्याला माहीत असतं, पण सकाळी सहा वाजता डोकं कुठे जागं असतं? आता फक्त शनिवारी, उठल्या उठल्या, चहाच्या आधी. महिन्याचे चार आकडे, त्यांची सरासरी. बाकीचे दिवस काटा पलंगाखाली.

घंटाळीकर

रोज. कधी कधी रात्रीपण. 🙈

फिजिओ_कोपरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आहारतज्ज्ञ नाही, त्यामुळे माझ्या गल्लीपुरतंच बोलते.

आधी सुरुवातीचे ३ किलो. त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीर साखरेचा जो साठा ठेवतं, ग्लायकोजेन, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की हा साठा आधी रिकामा होतो आणि काटा धपकन उतरतो. माणूस खूश होतो आणि तोच वेग पुढे धरून बसतो. तुमचा खरा वेग महिन्याला अर्धा-पाऊण किलो हाच होता आणि तो वाईट अजिबात नाही.

दुसरं, ९ किलोचं गाठोडं पाठीवरून उतरलं की तोच तलाव, तेवढ्याच फेऱ्या शरीराला स्वस्तात पडतात. बसल्या जागी लागणारी ऊर्जाही घटते. गेल्या वर्षी ज्या जेवणावर वजन उतरत होतं त्याच जेवणावर ते आता स्थिर राहू शकतं. तुम्ही काही चुकताय असं नाही, हिशोब बदललाय. फेऱ्या वाढवा, किंवा (माझं मत विचाराल तर आधी हे) आठवड्यातून दोन दिवस वजनं उचला. नुसतं चालून आणि कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. वयाच्या ४६ व्या वर्षी ते परवडणारं नाही. जिम नको असेल तर भिंतीवर जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी, जे चालत असेल ते वाढवा. आपल्या ताटात पोळी-भाताच्या मानाने प्रथिनं बिचारी कोपऱ्यात असतात.

तिसरं, ज्याबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत. ९२.८ वरून ८३.६ म्हणजे जवळजवळ १० टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना उद्दिष्टच ७ टक्क्यांचं दिलं होतं, सोबत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. सरासरी तीनेक वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. तुम्ही त्या रेषेच्या पुढे आहात आणि काट्याला लाथ घालताय. एचबीएवनसी परत केलंत का? कंबर मोजलीत का?

(आता शांत झोप लागू नये म्हणून: भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा अजून २९ च्या आसपास आहे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०.)

उकडीचा

मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, नुसता खादाड आहे. म्हणून एकच प्रश्न. नऊ आठवडे मागे मोजलं की मेचा मध्य येतो. घरात आंब्याच्या पेट्या किती आल्या?

घंटाळीकर

...

चार. आणि एक सासुरवाडीहून, देवगडची.

उकडीचा

घ्या! मिटला धागा.

घंटाळीकर

थांबा हो, आंबा मी मोजून खाल्ला. एक, फार तर दोन.

बरं, खरं सांगतो. तुमचा प्रतिसाद वाचून बायकोने मागून विचारलं, "आणि पुऱ्या?" रविवारी आमरस-पुरी होती, पाच रविवार. पुऱ्या मी मोजल्या नव्हत्या. रसात साखर नसते आमच्याकडे, पण तूप असतं. मग आंबा संपला आणि पाऊस लागला. पाऊस लागला की तलावपाळी आठवड्यातून सहाऐवजी तीनदा, आणि ऑफिसच्या खाली भजीची गाडी. म्हणजे फिजिओताई म्हणतात तो हिशोब बदललाच असेल, पण मीही थोडी अफरातफर केलेली दिसते. गंमत म्हणजे हे सगळं करताना मनात पक्कं होतं की मी 'तेच सगळं' पाळतोय.

एचबीएवनसी परत केलं नाही. खरं कारण: आकडा वाईट आला तर काय, म्हणून.

पामबीचवाली

हे 'तेच सगळं पाळतोय' मला इतकं ओळखीचं आहे! दोन आठवडे वहीत लिहा. काय खाल्लं तेवढंच, कॅलरी वगैरे नको. मी लिहायला लागले तेव्हा कळलं की मुलाच्या डब्यातलं उरलेलं रोज मी संपवते. वाया जाऊ नये म्हणून. आमच्या पिढीच्या बायकांचं अर्धं वजन या वाया न जाऊ देण्याचं आहे.

रोमातली

चार वर्षं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

लग्नाआधी सात महिन्यांत १७ किलो उतरवले होते. एका आहारसल्लागाराचं पॅकेज घेतलं होतं, नाव नको. रोज सकाळी वजनाचा फोटो पाठवायचा, कमी झालं नसेल तर त्या दिवशी रात्री फक्त सूप. लग्नाच्या फोटोंत मी खरंच सुंदर दिसतेय. पॅकेज संपलं आणि दोन वर्षांत २० किलो परत आले. केस गेले ते वेगळंच. पीसीओएस (पाळी आणि संप्रेरकांचा त्रास) आधीपासून होतं, तेव्हा कोणी विचारलंही नाही.

वजन परत येताना सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? लोक. बारीक होताना "अगं, बरं नाही का तुला?" आणि जाड होताना "सुख मानवलं वाटतं!" हळदीकुंकवाला ऐरोलीत एका काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढून बघितला होता. मी दोन वर्षं ठाण्यातल्या एकाही लग्नाला गेले नाही.

आता दीड वर्षात ८ किलो गेलेत. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही पाच महिन्यांनी कळलं. घंटाळीकर, तुम्ही कौतुक करणारे थकले म्हणालात, तिथे मी अडखळले. माझ्या बाबतीत कोणी बघत नाहीये म्हणूनच जमतंय. संध्याकाळी घणसोलीला उतरते आणि सेक्टरमधून पाऊण तास भाजी घेत घेत चालते. व्यायामाचे कपडे नाहीत, घड्याळ नाही. कोणी विचारलं तर मी भाजी आणायला गेले होते. एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर कोणाला हिशोब द्यायचा नसतो, त्यामुळे पुढच्या सोमवारी परत जायला लाज वाटत नाही. त्या फोटोच्या दिवसांत मी एकदा आईस्क्रीम खाल्लं म्हणून चार दिवस फोटोच पाठवला नव्हता आणि त्या चार दिवसांत काय काय खाल्लं ते विचारू नका.

भाजी मात्र घरात फार साठते. 🙂

खारघरचा_बाबू

रोमातली ताई, लिहीत जा हो. चार वर्षं काय दडून बसलात!

फिजिओ_कोपरी

ताई, मनापासून लिहिलंत. केस जाणं, थकवा, पाळी चुकणं असं काही वजन उतरवताना झालं तर वेग जास्त आहे असं समजून डॉक्टरांकडे जावं, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. आठवड्याला अर्धा ते एक किलो याच्या पुढे स्वतःच्या मनाने जाऊ नका.

दोन_वेळा

एवढी चर्चा कशाला? डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही नाही. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. माझे ११ किलो गेले, एक रुपया खर्च नाही.

उकडीचा

आला! मी वाटच बघत होतो. आता कोणीतरी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं नाव घेईल, मग दोनशे प्रतिसाद, मग संपादक धाग्याला कुलूप लावतील.

पामबीचवाली

दोन_वेळा, तुम्हाला जमलं याचा आनंदच आहे. माझं चौथ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. धागा 'टिकायचं कसं' याचा आहे, तेव्हा तुम्ही टिकलात कसे ते सांगा ना.

दोन_वेळा

प्रामाणिक उत्तर? निर्णय घ्यावे लागत नाहीत. ऑफिसात केक आला, मी खात नाही, विषय संपला. एकच तुकडा घ्यावा की अर्धा, हा विचारच नाही. माझ्यासारख्याला 'थोडं' जमत नाही, 'नाही' जमतं.

घंटाळीकर

हे पटलं. पद्धत नाही, पण हे पटलं. साखरेचा चहा सुटला तो असाच, एका दिवसात. भात निम्मा करायचं मात्र रोज नव्याने ठरवावं लागतं.

उकडीचा

गंभीर झालात सगळे. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पावलांची स्पर्धा लागली होती. महिनाभर रोज १०,०००. एक गृहस्थ रोज २२,०००! सगळे थक्क. शेवटी कळलं, घड्याळ नातवाच्या पायाला बांधून त्याला पोडियमवर सोडायचे.

फिजिओ_कोपरी

नातू तरी फिट झाला! 😀 आणि त्या १०,००० चं ओझंही बाळगू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आलाय, 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. कुठल्या डॉक्टरने ठरवलेली रेघ नव्हे. तीन हजारवाला पाच हजारांवर गेला तरी फरक पडतो.

आज्जी_नेरूळ

सगळ्यांचे वाचले. मला टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझे वय ६८. दोन वर्षांत ६ किलो कमी झाले. तुम्हा तरुणांना हे हास्यास्पद वाटेल. गुडघे दुखत म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते, शस्त्रक्रियेचे नंतर बघू, आधी वजन.

माझ्याकडे काटा नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. दूध किती घेतले ते ज्या चौकोनात लिहिते, तिथेच चालून आले की एक टिंब देते. ज्वेल ऑफ नवी मुंबईला तळ्याकाठी चालायला जाते, आमचा पाच बायकांचा गट आहे. एकीचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस कोणीच गेलो नाही. चौदाव्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसली होती. म्हणाली, घरात बसवत नाही. तेव्हापासून मी कंटाळा आला तरी जाते, कारण न गेले तर तिला बाकावर एकटीला बसावे लागेल.

मुलगा ठाण्याला असतो. ठाणे स्टेशनचा पूल चढताना मी पूर्वी दोनदा थांबत असे आणि पिशवीत काहीतरी शोधत असल्याचे नाटक करीत असे. हल्ली एकदाच थांबते.

फिजिओ_कोपरी

आज्जी, हास्यास्पद कसलं! गुडघ्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. तुमच्या गुडघ्यांना दर पावलाला २४ किलोची सुट्टी मिळाली आहे.

आज्जी_नेरूळ

हे छान सांगितलेस. गटात सांगते.

खारघरचा_बाबू

आज्जींनंतर काय लिहायचं! तरी एक. मी वर्षाची फी एकरकमी भरली ती जिम साडेतीन महिन्यांत बंद पडली. शटरवर कागद: 'नूतनीकरण चालू आहे'. त्याला आता दोन वर्षं झाली, ताजमहाल बांधत असावेत. फी महिन्याचीच भरा. घरी डंबेल घेतले, त्यांच्यावर ओले मोजे वाळतात. फिजिओताई, त्या खुर्चीच्या उठाबशा किती करायच्या?

फिजिओ_कोपरी

दहाच्या दोन खेपा, एक दिवसाआड. दुखलं तर थांबा. मोजे दुसरीकडे वाळत घाला.

घंटाळीकर | रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

धागा वर काढतोय. तुमचं देणं लागतो.

वही लिहिली. पंचवीस दिवसांपैकी एकोणीस दिवस. उरलेल्या सहांत गटारी येते, तेव्हा कळून घ्या. भजीची गाडी आठवड्यातून चारदा निघाली, मला शपथेवर विचारलं असतं तर मी एकदा म्हणालो असतो. पावसात तलावपाळी नको म्हणून इमारतीचे जिने धरलेत. तीनच मजले आहेत, त्यामुळे वर-खाली इतक्यांदा होतं की दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने भुंकणं सोडलंय. उठाबशा चालू. पहिल्या आठवड्यात कमोडवर बसताना देव आठवला.

काटा फक्त शनिवारी. काल ८२.९. नारळीभाताच्या आधीचा आकडा आहे, नंतर बघितलं नाही.

आणि एचबीएवनसी केलं. ५.८. उंबरठ्यावरून पुरता मागे आलो असं नाही (५.७ च्या खाली हवं होतं), पण ६.१ नाही. रिपोर्ट लिफाफ्यात दोन दिवस टीव्हीच्या मागे पडून होता, शेवटी मुलीने उघडला. कंबर ९७. सुरुवातीची मोजलीच नव्हती, त्यामुळे तुलनेला फक्त पट्ट्याची तीन भोकं आहेत.

आज पाऊस होता आणि गेलो नाही, हेही लिहून ठेवतो.

एक सुचलं. पुढच्या रविवारी, म्हणजे दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला उपवन तलावावर भेटायचं का? जमेल तेवढं चालू. येऊरच्या रस्त्याने वर जायचं ज्यांना जमेल ते जातील.

उकडीचा

येतो. नंतर मामलेदारची मिसळ?

घंटाळीकर

दोघांत एक.

उकडीचा

मग तुझ्या शेजारी मी बसणार नाही.

रोमातली

येईन बहुतेक. भाजीची पिशवी घेऊन येते, म्हणजे ओळखाल.

आज्जी_नेरूळ

रविवारी मेगाब्लॉक असतो ना? सकाळी ठाण्याला गाड्या असतात का?

खारघरचा_बाबू

ब्लॉक सहसा अकरानंतर सुरू होतो आज्जी, सकाळच्या गाड्या असतात. मी खारघरहून त्याच लाइनने येतोय. नेरूळला डब्यातून हात करतो.

घंटाळीकर

आज्जी, मी फलाटावर घ्यायला येतो. तिथून उपवनला रिक्षाने जाऊ.

आज्जी_नेरूळ

ये. पिशवी तू घे, पूल माझा मी चढते. वर पोचल्यावर मात्र दोन मिनिटे माझ्याशी बोलू नकोस.